बादशहाचे पुढचे दात

वडूजच्या स्टँडवर उतरून बादशहा नदाफचं घर विचारलं, की समोरचा माणूस पत्ता सांगायच्या आधी विचारतो, "लगीन कुणाचं हाय?" बादशहाकडे लोक दोनच कामांसाठी जातात. गादी भरून घ्यायला, नाही तर बँड ठरवायला. गाद्यांचं दुकान वाडवडिलांचं, पण ते चालवते त्याची बायको अख्तरबी, आणि इतकं नेटकं चालवते, की बादशहानं तिथे फार वेळ बसू नये असंच तिला वाटतं. बादशहाचा जीव बँडमध्ये. 'गुलशन ब्रास बँड'चा तो मालक आणि पुढचा ट्रंपेटवाला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि सगळ्या बँडच्या पुढे चालायचा मान. साठी आली तरी त्या जागेवर त्यानं कुणाला येऊ दिलं नव्हतं.

हा माणूस अमेरिकेच्या नादाला लागला तो धाकट्या लेकीमुळे. आयेशा सांगलीला विश्रामबागच्या कॉलेजात शिकते आणि शनिवारी एसटीनं घरी येते. एका शनिवारी तिनं बापाला मोबाईलवर एक जुनी चित्रफीत दाखवली. गोलमटोल काळासावळा माणूस, घामानं निथळलेला, एका हातात पांढरा रुमाल, दुसऱ्या हातात ट्रंपेट. त्यानं फुंक मारली आणि बादशहाचा चहा कपातच निवला. सगळं संपल्यावर तो म्हणाला, "ह्यो आपल्यातलाच हाय. कुठला म्हणायचा?"

तो होता लुई आर्मस्ट्राँग. पण बादशहाला नुसतं ऐकून भागेना. कुणाच्या हाताखाली शिकला, घरची परिस्थिती कशी होती, सगळं पाहिजे. आयेशा मोबाईलवर इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची. पोरवयात कोळशाच्या गाड्यावर राबलेला हा लुई, नव्या वर्षाच्या जल्लोषात हवेत पिस्तूल उडवलं म्हणून पोलिसांनी सुधारगृहात टाकला आणि तिथल्या बँडमध्ये वाजवायला शिकला, हे ऐकल्यावर बादशहा उभाच राहिला. "म्हंजे बँडवालाच की गं! मी काय म्हणत हुतो!"

आपल्याकडे वाजवणारा माणूस उस्तादांचं नाव काढताना कानाच्या पाळीला हात लावतो. बादशहाही लावायचा, त्याच्या मयत उस्तादांच्या, म्हणजे लालासाहेबांच्या नावाला. त्या आठवड्यापासून लुईच्या नावालाही लावायला लागला. आता मालकच लावतो म्हटल्यावर बँडमधले सगळे लावायला लागले. ढोलवाल्यानं लुईला पाहिलेलंही नव्हतं, तरी त्याचाही हात कानाला. बादशहाचा जिवाभावाचा दोस्त आकाराम, फौजेतून हवालदार म्हणून परत आलेला आणि आता येरळेकाठी शेती बघणारा, वैतागून म्हणाला, "आरं, तुजा उस्ताद वडूजचा का अमेरिकेचा, येकदा काय ते ठरीव."

मग शनिवारची संध्याकाळ ठरूनच गेली. घरात ही मंडळी दखनी बोलतात, पण अमेरिकेच्या गोष्टीला आकाराम आणि शेजारीपाजारी येऊन बसायचे, म्हणून मराठी. आयेशानं अमेरिकेतल्या एकेका वाजवणाऱ्याला आणून उभं केलं. डिझी गिलेस्पीच्या ट्रंपेटवर कुणीतरी पडलं आणि त्याचं तोंड आभाळाकडे वळलं, तर तो म्हणाला, असाच बरा वाजतोय, आणि जन्मभर तसलाच वाकडा वाजवला. सॅक्सोफोनवाला सनी रॉलिन्स, नाव चांगलं गाजत असताना, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून न्यूयॉर्कच्या एका पुलावर जाऊन रियाज करत बसला. बादशहा ऐकायचा आणि प्रत्येक गोष्टीला शेवटी एकच विचारायचा, "मग फुडं?"

पुढं सगळ्यांचं बरंच झालेलं असायचं. चार्ली पार्करनं मोठ्या शहरात घर बांधलं आणि म्हातारपणी अंगणात बसून पोरांना शिकवलं. बिक्स बायडरबेक कंटाळून गावाकडे गेला आणि मळा केला. ली मॉर्गनचा तर बायकोबरोबर असा काही संसार झाला, की विचारू नका. अख्तरबीला हा शेवटचा फार आवडला. "शिका काय तरी," असं ती नवऱ्याला म्हणाली.

आता यातलं खरं किती, ते तुम्हाला ठाऊक असेल तर असेल. बादशहाला ठाऊक नव्हतं आणि त्याचं सुखात चाललं होतं.

वैशाखात एका गावी परण्या निघाला होता. नवरदेवाला लग्नाआधी घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या देवळाला नेतात, त्या थाटाला आमच्याकडे परण्या म्हणतात, आणि बँडवाल्याची खरी परीक्षा तिथेच. बादशहा पुढे, त्याच्या जोडीनं पुतण्या आसिफ दुसरा ट्रंपेट घेऊन, मागे घोडा. चौकात कुणा हौशी पाहुण्यानं फटाक्यांची माळ घोड्याच्या पायाशीच लावली. बादशहा नेमका घोड्याकडे वळून नवरदेवाला सलामी देत होता. घोड्यानं मान उडवली, ती ट्रंपेटच्या भोंग्यावर बसली आणि ट्रंपेटचं दुसरं टोक बादशहाच्या तोंडात. पुढचे दोन दात तिथेच पडले, शेजारचे दोन डॉक्टरनं काढले. लोकांनी धरून ओट्यावर बसवलं, तर हा रुमाल तोंडावर धरून म्हणतो, "ट्रंपेट वाकला का बगा." ट्रंपेटला ओरखडाही नव्हता. बादशहाला त्याचंही वाईट वाटलं.

ट्रंपेट वाजतो तो ओठांवर, पण ओठ टेकतात दातांवर. मागं दात नसले, की ओठ आत जातो आणि नुसती हवा. दवाखान्यातून आल्यावर बादशहानं गुपचूप एकदा तोंडाला लावून पाहिला. जो आवाज आला, तो ऐकून अख्तरबी दुकानातून धावत आली, तिला वाटलं सिलिंडर फुटला.

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. दिवाळीनंतर आकारामच्या नातवाचं, ऋषिराजचं लग्न होतं. ऋषिराज पुण्यात नोकरीला, त्याला डीजे हवा होता. आकारामनं फौजी आवाजात सांगितलं होतं, "माज्या नातवाचा परण्या बादशाच्या ट्रंपेटावर निगंल. न्हाईतर तू चालत जा देवळाला." आणि बादशहानं चारचौघांत शब्द दिला होता. आता तो स्वतःशीच आणखी एक गोष्ट बोलला आणि मग आकारामला सांगून बसला. "गड्या, ऋषिराजच्या परण्याला म्होरं हुबा ऱ्हाऊन वाजवाय आलं तर आलं. न्हाई आलं, तर ट्रंपेट पेटीत. कायमचा. म्होरं आसिफ ऱ्हाईल आन मी गाद्या भरीन."

"तुला गाद्या भराय येत न्हाईत," आकाराम म्हणाला.

"त्येच तर," बादशहा म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. पंधराव्या वर्षी हातात घेतलेली वस्तू सोडल्यावर आपण उरतो किती, हे त्याला कळत नव्हतं.

विश्रामबागच्या दातांच्या डॉक्टर अंकिता मॅडमनी कवळी बसवली. आजूबाजूचे दात हलत होते, त्यामुळे पक्के दात बसवायला त्या धजेनात. काढघालीचीच कवळी दिली. "बोलायला, जेवायला काही अडचण नाही. पण वाजवताना जोर पडला तर सुटू शकते," असं त्यांनी आधीच सांगितलं. 'सुटू शकते'च्या पुढचं बादशहाला ऐकूच आलं नाही.

त्या शनिवारी आयेशानं बापाचा चेहरा बघितला आणि चेट बेकर बाहेर काढला. देखणा गडी, ट्रंपेट असा मऊ वाजवायचा की ऐकणारा विरघळावा. एका मारामारीत त्याचे दात गेले. ट्रंपेट सुटला, पेट्रोल पंपावर काम केलं. मग कवळी बसवली, पहिल्यापासून शिकला आणि परत उभा राहिला.

"कवळीवर?" बादशहानं विचारलं.

"कवळीवर."

"मग फुडं?"

"पुढं लय वाजवलं. युरोपात गेला. शेवटपर्यंत मजेत."

बादशहाचा हात आपोआप कानाला गेला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी तो ट्रंपेट घेऊन येरळेच्या पुलावर जायला लागला. सनी रॉलिन्स जातो, मग आपल्याला काय झालं. पुलाखाली पाण्यापेक्षा वाळू जास्त आणि वाळूपेक्षा म्हशी जास्त. मोटारसायकलवाले थांबून विचारायचे, "चाचा, सोडू का कुटं?" धुळा नावाचा मेंढका मेंढरं घेऊन जायचा, तो म्हणाला, "चाचा, तुमी वाजवा, पर मेंढरं फुडं गेल्यावर." बादशहा थांबायचा, मेंढरं जाऊ द्यायचा आणि पुन्हा सुरू करायचा. आषाढ संपता संपता खालचे सूर आले. श्रावणात मधले आले. वरचा सूर काही येईना. वर जायला ओठ दाबायला लागतो, दाबला की कवळी हलायची.

आसिफनं मग एक चूक केली, तीही प्रेमानं. चुलत्याला उभारी यावी म्हणून त्यानं चेट बेकरची हिंदीतली चित्रफीत शोधून मोबाईलवर पाठवली. बादशहानं ती पुलाच्या कठड्यावर बसून पाहिली. त्यात सगळं होतं. नशेचं व्यसन, इटलीतला तुरुंग, दात कशापायी गेले ते, कवळीवर परत यायला लागलेली वर्षं, आणि शेवटी ॲमस्टरडॅमच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून आलेला मृत्यू. बादशहा त्या दिवशी वाजवायचं विसरला. घरी आला, कोपऱ्यात ट्रंपेट ठेवला आणि शनिवारपर्यंत त्याला हात लावला नाही.

शनिवारी आयेशानं उंबऱ्यात चप्पल काढली नाही, तोच तो म्हणाला, "खिडकीतनं पडला. सांगितलं न्हाईस."

आयेशाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. आकाराम आधीच येऊन बसला होता, तो उठायला लागला. "बस तू," बादशहा ओरडला. "सगळ्यांम्होरं सांगू दे. उस्तादांच्या गोष्टीत लबाडी! चार्ली पार्कर अंगणात बसून शिकवत हुता न्हवं? बोल."

"चौतिसाव्या वर्षी गेला, अब्बा. दारू आणि नशा." आयेशाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती बोलत राहिली. "बिक्स अठ्ठाविसाव्या वर्षी. दारूच. मळा केला नाही त्यानं. ली मॉर्गनला... क्लबातच गोळी घातली. ज्या बाईनं त्याला नशेतून बाहेर काढून संसाराला लावलं होतं, तिनंच."

मग अख्तरबी हळूच म्हणाली, "तिचं बी काय तरी म्हननं आसंल." आणि तिनं नवऱ्याकडे असं बघितलं, की आकारामला खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं.

बादशहाला हसू आलं नाही. "का सांगितलं न्हाईस?"

"तुमीच शिकवलं," आयेशा म्हणाली. "लालासाहेबांचं तुमी कसं सांगता? ट्रंपेटवर सनई कशी काढायचे, फलटणला फेटा कसा मिळाला, साताऱ्याला दोन बँडवाले कसे हार खाऊन गेले. ते गेले कसे, हे तुमी मला कधी सांगितलं? मला आसिफदादाकडून कळलं."

बादशहा खाली बसला. लालासाहेब दारूनं गेले होते. शेवटी शेवटी हात थरथरायचे, सुपारी घेऊन लग्नाला यायचे नाहीत आणि लोक बादशहाला शिव्या द्यायचे. त्यांच्या सगळ्या चेल्यांना हे माहीत होतं आणि त्यांच्यातल्या एकानंही ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. उस्तादांचं नाव घ्यायचं, कानाला हात लावायचा आणि फेटा मिळाला तिथे गोष्ट थांबवायची, ही बँडवाल्यांची रीत. पोरीनं ती घरात बघितली होती आणि अमेरिकेला लावली होती, एवढाच तिचा गुन्हा.

मग तो म्हणाला, "मला वाटत हुतं, ती लोकं लय मोठी, तेंच्या नशिबात समदं चांगलंच. म्हणून तेनला जमलं. आपुन काय, आपुन वडूजचं." मग डोळे पुसले, अगदी सरळ सगळ्यांसमोर पुसले. "आन ती बी मोडल्यालीच हुती व्हय? मोडल्याली आसून आसलं वाजवलं?"

"व्हय अब्बा."

"मग आता परत सांग. पैल्यापास्नं. काय गाळू नगंस."

त्या संध्याकाळी आयेशानं सगळं परत सांगितलं आणि बादशहानं शेवटी लालासाहेबांचं सांगितलं, थरथरत्या हातांसकट. आकारामही परत येऊन ऐकत बसला. रविवारी सकाळी बादशहा पुलावर होता. धुळा म्हणाला, "चाचा, मधी कुटं गेलावता? मेंढरं इच्यारत हुती."

दिवाळी झाली. परण्याच्या दिवशी वडूजचा चौक भरला. ऋषिराज घोड्यावर, घोडा आकारामनं स्वतः निवडलेला, म्हातारा आणि बहिरा. फटाके वाजवायला येणाऱ्याला आकारामनं आदल्या दिवशीच फौजी भाषेत समजावलं होतं. बादशहा लाल कोटात पुढे, एका हातात लुईसारखा पांढरा रुमाल. पहिली चाल चांगली गेली. दुसरी त्याहून चांगली. पुलावरचे महिने ऐकू येत होते आणि लोक ओळखत होते. आयेशा आईजवळ उभी होती, तिला बापाचे ओठ सोडून काही दिसत नव्हतं.

तिसऱ्या चालीत तो वरचा सूर होता. बादशहा त्याच्याकडे चढत गेला, छाती भरून फुंक मारली, आणि कवळी सुटली. रुमाल तोंडाशी नेला, तोच ती त्यात पडली. ढोल-ताशे चालूच होते, पण ट्रंपेट थांबला आणि सगळा चौक त्याच्याकडे बघायला लागला.

आसिफच्या हातात ट्रंपेट तयार होता. पण बँडमध्ये दुसऱ्यानं पुढच्याची चाल कधी उचलायची नसते. पुढच्यानं मान हलवली तरच. आसिफ चुलत्याकडे बघत राहिला, त्याचा स्वतःचा चेहरा रडवेला झाला होता. बादशहानं रुमाल खिशात घातला. मग मान हलवली.

आसिफनं चाल उचलली. बादशहाचा हात मोकळा झाला आणि त्या हाताचं काय करायचं ते त्याला कळेना. मागून स्पीकरचा गाडा येत होता, त्यावर गाणाऱ्यासाठी माईक. बादशहानं तो घेतला. बोलायला गेला, तर दातांवाचून शब्द फुटेना. पण बँडमध्ये नवी चाल शिकवायची तर आधी तोंडानं म्हणून दाखवतात, शब्दांवाचून, नुसत्या आवाजांनी. आसिफला त्यानं अशाच शिकवल्या होत्या. तीच चाल तो तोंडानं म्हणायला लागला. "पापारा पॅप्पा... डूबी डबा डब्बा पाऽऽ..."

आसिफनं तोच तुकडा ट्रंपेटवर परत केला, शिकताना करायचा तसा. बादशहानं अवघड केला. आसिफनं परत केला. बादशहानं त्याला मधेच मुरड घातली, जी कुणी कधी ऐकली नव्हती, त्यालाही तोवर माहीत नव्हती. आसिफ एकदा चुकला, लोक ओरडले, दुसऱ्यांदा त्यानं ती बरोबर पकडली आणि चौकातून शिट्ट्या निघाल्या. घोगरा, बोळका, लचकणारा तो आवाज स्पीकरमधून वडूजभर गेला. डीजे मागणारा ऋषिराज घोड्यावरून उतरून नाचायला लागला. नवरदेव उतरतो म्हणजे काय, असं म्हणत म्हातारी मंडळी त्याला परत चढवायला धावली आणि त्यातलीच निम्मी नाचायला लागली. मारुतीच्या देवळापर्यंत एरवी घटकेत जाणारा परण्या दुपार उलटून गेल्यावर पोहोचला. लग्नाचा मुहूर्त टळला आणि मुलीकडच्यांचा एकही माणूस रागावला नाही.

मांडवाच्या बाजूला पाणी पीत बसलेल्या बादशहापाशी आयेशा आली. ती हसत होती आणि रडतही होती. "अब्बा, लुई उस्तादांनी हेच केलं होतं. रेकॉर्डिंगला गाण्याचा कागद हातातून पडला, तर शब्दांऐवजी असेच आवाज काढून गायले, असं सांगतात. त्याला स्कॅट म्हणतात तिकडं."

बादशहाचा पेला थांबला. "माज्या आदीच?"

"शंभरएक वर्षांआधी."

"आन तू मला आत्ता सांगतीस?" तो चिडला होता. अगदी खराखुरा चिडला होता. मग त्याचा हात कानाकडे गेला आणि बोळक्या तोंडानं तो हसायला लागला.

आकाराम येऊन शेजारी टेकला. "मग काय गड्या, ट्रंपेट पेटीत का?"

"न्हाई. आसिफच्या हातात." बादशहानं लाल कोटाच्या बाहीनं आपला ट्रंपेट पुसला, आसिफला हाक मारली आणि त्याच्या दोन्ही हातांत दिला. "ह्यो घे. माजा हाय, जपून वाजीव. म्होरं तू. मी बी म्होरंच, पर माईक घिऊन." आसिफ वाकून पाया पडला तेव्हा बादशहानं त्याला लवकर उठवलं नाही.

जेवणाची हाक आली. अख्तरबी लांबूनच म्हणाली, "आवं, आदी ती कवळी धुवा आन घाला, मटणाचा बेत हाय."

बादशहानं खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि कवळीकडे बघत लेकीला म्हणाला, "माजी गोष्ट कवा कुणाला सांगितलीस, तर ही रुमालात पडली तितनं सुरू कर. लोक हसू देत. आन आसिफला ट्रंपेट देताना अब्बाला लय वाईट वाटलं, हात सुटत नव्हता, ते बी सांग. गाळू नगंस."